डोंगरकडेच्या गावाचा पाणलोट आराखडा : शिवारफेरीपासून पहिल्या वळवापर्यंत

"गावच्या डोंगरावर पाणी अडविणे व वृक्षारोपण करणे." दर ऑक्टोबरला कितीतरी गावांच्या इतिवृत्तात हे एकच वाक्य उतरतं आणि पुढच्या वर्षी शब्दही न बदलता पुन्हा येतं. मधल्या बारा महिन्यांत काम झालेलं नसतं. झालंच असेल तर नाला खोलीकरण झालेलं असतं, आणि दुसऱ्या पावसाळ्यात तो नाला डोंगरावरून आलेल्या गाळाने भरून गेलेला असतो. बार्शीच्या पूर्व कडेला बालाघाटाच्या उतारावरची गावं आणि माळशिरस-सांगोल्याकडे शंभू महादेवाच्या फाट्यांखालची गावं, दोन्हीकडच्या ग्रामसभांना मी बसलो आहे. चूक दोन्हीकडे एकच दिसते. पैसा कमी पडतो हे खरं, पण त्याआधी क्रम चुकतो. पायथ्याचं काम आधी होतं, माथ्याचं राहून जातं. ठराव आधी लिहिला जातो आणि जमीन कोणाची ते नंतर शोधलं जातं.

खाली दिलेला क्रम सरपंच, सदस्य, ग्रामरोजगार सेवक आणि गावातल्या कोणाही जागरूक माणसासाठी आहे. तो वर-खाली करू नका.

आधी वर्षाचा हिशेब लावा

सोलापूर जिल्ह्यात सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा. त्यामुळे ओहोळ कुठून फुटतो आणि माती कुठे कापली जाते हे ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच नीट दिसतं. शिवारफेरी तेव्हा करा. २ ऑक्टोबरच्या सुमारास ग्रामपंचायत विकास आराखड्याची ग्रामसभा असते, ठराव तिथे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अंदाजपत्रक आणि मान्यता. जानेवारी ते मे प्रत्यक्ष काम. मृगाच्या आधी दुरुस्ती आणि बी-बियाणं.

शिवारफेरी जानेवारीत ठेवली तर सगळंच एक वर्ष पुढे जातं. ऊसतोडीला गेलेली घरंही तेव्हा गावात नसतात.

टप्पा १ : डोंगर कोणाचा आहे ते कागदावर बघा

गावात कोणालाही विचारा, "डोंगर सरकारी आहे" असंच उत्तर येईल. त्यावर विसंबू नका. एकाच डोंगरात चार प्रकारची जमीन निघते : वनविभागाची, गायरान, इतर सरकारी पड आणि उतारावरची खाजगी. प्रत्येकीचा मार्ग वेगळा.

तलाठी कार्यालयात (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) गाव नकाशा, डोंगरातल्या सगळ्या गटांचे सातबारे आणि गाव नमुना एकचे पोटनमुने मागा. १-अ मध्ये वनजमिनी, १-ब मध्ये बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनी, १-ई मध्ये अतिक्रमणं. गाव नकाशाची झेरॉक्स काढून त्यावर चार रंगांच्या पेन्सिलीने गट रंगवा. हा रंगवलेला नकाशा पुढे प्रत्येक टप्प्यात लागतो. तो सरपंचांच्या कपाटात न ठेवता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा.

आता कोणत्या जमिनीवर काय चालतं ते.

वनजमिनीवर ग्रामपंचायत स्वतः कुदळ मारू शकत नाही. तिथली कामं वनविभाग यंत्रणा म्हणून करतो. गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर तिच्यामार्फत, नसेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना ग्रामसभेच्या ठरावासह पत्र द्या. कामाची मागणी गावाची आणि अंमलबजावणी वनविभागाची, हे ठरावातही तसंच लिहा.

गायरान ही सरकारची जमीन आहे आणि ती चराईसाठी, गावाच्या सामायिक उपयोगासाठी ठेवलेली आहे. तिथे चर, दगडी बांध, गवत ही कामं त्या उपयोगाला धरूनच आहेत. गायरानावर अतिक्रमण असेल तर ते लपवून अंदाजपत्रक करू नका, काम अर्ध्यात अडेल. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावांच्या सामायिक जमिनी मोकळ्या करण्याबाबत सर्व राज्यांना निर्देश दिले आहेत. तहसीलदारांना पत्र लिहिताना त्या निकालाचा उल्लेख करा.

खाजगी उतारावर मालकाचं संमतीपत्र लागतं. सातबाऱ्यावर जितकी नावं, तितक्या सह्या. पुण्या-मुंबईला असलेल्या भावाची सही राहिली आणि ऐन मार्चमध्ये काम बंद पडलं, हे मी स्वतः पाहिलं आहे.

तपासणी : नकाशावरचा एकही गट बिनरंगाचा राहिला नाही ना? राहिला असेल तर टप्पा २ वर जाऊ नका.

टप्पा २ : शिवारफेरी माथ्यावरून सुरू करा

बहुतेक शिवारफेऱ्या गाडीरस्त्याने पायथ्यापर्यंत जातात, बंधाऱ्यावर फोटो निघतो आणि मंडळी परत येतात. डोंगराचा आराखडा करायचा तर सकाळी सातला माथ्यावर पोचा आणि पाणी जसं उतरतं तसं उतरत या.

सोबत कोण हवं? मेंढरं-शेळ्या राखणारी दोन माणसं, सरपणाला जाणाऱ्या दोन बाया, पायथ्याला विहीर असलेले शेतकरी, रोजगार सेवक, आणि मिळाल्यास कृषी सहायक (आता पदनाम सहायक कृषी अधिकारी) किंवा पंचायत समितीचे तांत्रिक सहायक. राखणाऱ्यांना डोंगर पावलापावलाने पाठ असतो. एका फेरीत एका म्हाताऱ्या धनगरबाबांनी काठी टेकवून दाखवलं, "इथं पाऊस थांबल्यावरबी दोन दिस पाझर राहतो." नकाशावर त्या जागी काहीही नव्हतं. आम्ही तिथला दगडी बांध चाळीस फूट खाली घेतला आणि पाझराची जागा मोकळी ठेवली.

उतरताना वहीत या गोष्टी लिहा : ओहोळ कुठे फुटतो, त्याची रुंदी आणि खोली किती, माती किती जाड आहे (टिकाव मारून बघा, वीतभर खाली मुरूम लागतो की खडक), दगड जागेवर किती मिळेल, गवत कुठे टिकून आहे, जुनं काम कुठे आहे आणि ते का फुटलं. शेवटचा मुद्दा सोडू नका. जुना फुटलेला चर हा तुमच्या डोंगराने दिलेला धडा आहे, आणि तो दुसऱ्या कुठल्या गावाकडून मिळणार नाही.

मग पाण्याचं गणित. ते सोपं आहे, पण कोणी करत नाही. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर पाणी. समजा ओहोळाच्या वरचा डोंगर ४० हेक्टर आहे आणि एका दणक्यात ५० मिलिमीटर पाऊस झाला. एकूण पाणी २०,००० घनमीटर. त्यातलं ३० टक्के वाहून निघतं असं धरलं तरी ६,००० घनमीटर ओहोळाला येणार. आता चर बघा. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चरात मीटरमागे ०.१८ घनमीटर पाणी मावतं. दोन किलोमीटर चर खोदले तर एका भरण्यात ३६० घनमीटर, म्हणजे ओहोळाला येणाऱ्या त्या पाण्याच्या सहा टक्के. सगळं पाणी चरांनीच धरायचं म्हटलं तर ३३ किलोमीटरच्या वर चर लागतील.

या हिशेबाने घाबरू नका. पाणी मुरत जातं तसा चर पुन्हा रिकामा होतो, दगडी बांध वेग मोडतात, गवत माती धरतं. पण या गणितातून एक निर्णय नक्की निघतो : दोन किलोमीटर चर सगळ्या डोंगरभर शिंपडण्यात अर्थ नाही. एक ओहोळ निवडा, त्याचं पाणलोट पाच-सात हेक्टरचं असलं तरी चालेल, आणि ते माथ्यापासून पायथ्यापर्यंत पुरं करा. पुढच्या वर्षी शेजारचा ओहोळ. प्रत्येक वॉर्डाला थोडं थोडं वाटण्याची सवय रस्त्यावरच्या दिव्यांना ठीक आहे, पाणलोटाला ती मारक ठरते.

थांबा : निवडलेल्या ओहोळाचं माथ्याचं क्षेत्र वनविभागाचं आणि पायथ्याचं गायरान असेल, तर वरचं काम मंजूर झाल्याशिवाय खालचं सुरू करू नका. मंजुरी येईपर्यंत दुसरा ओहोळ हाती घ्या.

टप्पा ३ : चराईचं बोलणं ग्रामसभेच्या आधी करा

सगळ्यात जास्त आराखडे इथे मरतात. "चराईबंदी" हा शब्द ग्रामसभेत पहिल्यांदा उच्चारला की गाव दोन तुकड्यांत उभं राहतं, आणि ज्यांच्या घरी पन्नास मेंढरं आहेत त्यांची बाजू चुकीची नसते. त्यांचं पोट त्या डोंगरावर आहे. ज्यांच्या बागायतीला पाणी वाढणार त्यांनी जनावरंवाल्यांवर बंदी लादायची, हा अन्याय आहे. आणि अन्यायाने केलेली बंदी महिनाभरही टिकत नाही.

म्हणून आधी वाडी-वस्तीवर जा. देवळाच्या पारावर बसा. डोंगराचे तीन तुकडे पाडा आणि त्या वर्षी ज्या ओहोळावर काम आहे तेवढाच तुकडा पहिल्या पावसापासून गवताचं बी गळेपर्यंत बंद ठेवायचा प्रस्ताव मांडा. उरलेले दोन खुले. बंद तुकड्यातलं गवत बी गळाल्यावर कापून न्यायचा पहिला हक्क पशुपालक घरांना द्या. जनावराने तुडवायचं नाही, विळ्याने कापायचं, एवढाच फरक. कोणत्या घराचा कोणता पट्टा, ते त्याच बैठकीत लिहून घ्या.

सरपणाचंही तसंच. कुऱ्हाडबंदी ठरवताना वाळलेलं, पडलेलं लाकूड उचलायची मुभा स्पष्ट शब्दांत ठेवा. हे बायकांशी बोलून ठरवा. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं बंधनकारकच आहे. ती सह्यांपुरती उरकू नका, हा विषय तिथे खरोखर मांडा. वाटेत कुठे झुडूप तुटतंय आणि बाहेरगावचे ट्रॅक्टर कुठून दगड उचलतात, याची सगळ्यात पक्की माहिती मला नेहमी तिथेच मिळाली आहे.

तपासणी : जनावरं असलेल्या प्रत्येक वस्तीतून किमान एक माणूस "हो, मी ग्रामसभेत बोलेन" असं म्हणाला का? नसेल तर आणखी एक बैठक घ्या.

टप्पा ४ : ग्रामसभा आणि ठराव

सूचना किमान सात दिवस आधी निघाली पाहिजे आणि विषयपत्रिकेत विषय नावानिशी हवा. "आयत्या वेळच्या विषयांत" आलेला डोंगराचा ठराव नंतर कोणीही आक्षेप घेऊन अडवतो. गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जो आकडा कमी असेल तो. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली तर पुढच्या सभेला गणपूर्तीची अट राहत नाही, हे खरं आहे. पण डोंगराचा विषय अशा वीस जणांच्या सभेत मंजूर करून घेऊ नका. कागद चालेल, बंदी चालणार नाही.

ठराव कसा लिहायचा? सुरुवातीला दिलेलं वाक्य पुन्हा वाचा. त्यात गट नाही, क्षेत्र नाही, काम किती ते नाही, क्रम नाही, जबाबदार कोण ते नाही. त्यावर कोणताही अभियंता अंदाजपत्रक करू शकत नाही. त्याऐवजी असं लिहा :

"मौजे ____ येथील गट क्र. ____ (गायरान, क्षेत्र ____ हेक्टर) मधील ____ ओहोळाच्या पाणलोटात माथ्याकडून पायथ्याकडे या क्रमाने (१) सलग समतल चर ____ मीटर, (२) अनघड दगडी बांध ____ नग, (३) गवत बी पेरणी ____ हेक्टर ही कामे घेण्यात यावीत. वरच्या टप्प्याचे काम पूर्ण झाल्याचा लेखी दाखला देखरेख समितीने दिल्याशिवाय खालच्या टप्प्याचे काम सुरू करू नये. सदर क्षेत्र पहिल्या पावसापासून गवताचे बी गळेपर्यंत चराईस बंद राहील. त्या काळात गट क्र. ____ व ____ चराईस खुले राहतील. बंद क्षेत्रातील गवत कापणीचा प्रथम हक्क सोबतच्या यादीतील पशुपालक कुटुंबांस राहील. सूचक : ____ अनुमोदक : ____"

यातलं "दाखला दिल्याशिवाय" हे वाक्य काढू नका. ठेकेदार आणि मशीन मालक यांना पायथ्याचं मोठं खोदकाम आधी हवं असतं. त्यांना थांबवायला तुमच्या हातात हेच एक वाक्य असतं.

देखरेख समिती त्याच सभेत नेमा. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४९ खाली ग्रामविकास समित्या नेमता येतात. सदस्यसंख्या त्या कलमाप्रमाणे ठेवा. त्यांत किमान दोन पशुपालक आणि निम्म्या महिला असाव्यात. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ४१ नुसार जैवविविधता व्यवस्थापन समिती प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी. ती कागदावर असेलच, तर तिची लोक जैवविविधता नोंदवही बाहेर काढा आणि डोंगरावरची गवतं, झाडं, पाझर, लांडग्याच्या-खोकडाच्या जागा त्यात या शिवारफेरीच्या वहीवरून भरा.

मुरमाचा ठराव वेगळा घ्या. निवडलेल्या पाणलोटातल्या गटांची नावं घालून "या गटांतून मुरूम, दगड उत्खननास ग्रामपंचायत ना हरकत देणार नाही" असं स्पष्ट लिहा आणि प्रत तहसीलदारांना द्या. गौण खनिजाची परवानगी महसूल खातं देतं. विनापरवाना उत्खननावर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली दंड होतो. गावच्याच रस्त्यासाठी गावच्याच डोंगराचा पायथा कापला, वरचे चर त्या कापात ढासळले, आणि दोन्ही कामं एकाच ग्रामपंचायतीची, असं घडलेलं आहे. रस्त्याला मुरूम लागणारच. तो कोणत्या गटातून घ्यायचा तेही याच सभेत ठरवा, म्हणजे अडचण राहत नाही.

थांबा : इतिवृत्त त्याच दिवशी लिहून, वाचून दाखवून सह्या घ्या. "नंतर फेअर करू" म्हणाल तर गट क्रमांक बदललेला सापडेल.

टप्पा ५ : आराखडा, अंदाजपत्रक, मान्यता

हा भाग कार्यालयाचा आहे, थोडक्यात सांगतो. ठरावातली कामं ग्रामपंचायत विकास आराखड्यात आणि ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढली पाहिजेत. आराखड्याच्या नऊ संकल्पनांत जलसमृद्ध गाव आणि स्वच्छ व हरित गाव या दोन आहेत, त्यांखाली ती बसतात. मजुरीची कामं रोजगार हमीच्या आराखड्यात घाला. चर आणि दगडी बांध ही जवळजवळ सगळी मजुरीची कामं असल्यामुळे मजुरी-साहित्य यांच्या ६०:४० या प्रमाणाला ती उलट मदतच करतात. पुढे पाणंद रस्त्यासारखं साहित्य जास्त लागणारं काम घ्यायचं असेल तर हे प्रमाण सांभाळायला डोंगराचं काम उपयोगी पडतं. पंचायत समितीत बोलताना हा मुद्दा मांडा, फाईल लवकर हलते. रोजगार हमीच्या कायद्यात आणि दरांत बदल होत असतात, म्हणून चालू वर्षाचे निकष पंचायत समितीतून लेखी घ्या.

क्रम असा : जागेची पाहणी, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कामाचा सांकेतांक, मजुरांची मागणी, हजेरीपत्रक. कामाची मागणी नमुना ४ मध्ये करा आणि नमुना ५ ची तारीखवार पोच घ्या. तोंडी मागणीला काही अर्थ नसतो.

अभियंता पाहणीला येईल त्या दिवशी रंगवलेला नकाशा आणि शिवारफेरीची वही घेऊन सोबत चढा. तुम्ही चढला नाहीत तर अंदाजपत्रक पायथ्यावरून होईल, आणि मग चराची लांबी शेजारच्या गावाच्या अंदाजपत्रकातून उतरलेली असेल.

तपासणी : अंदाजपत्रकातले गट क्रमांक, चराची लांबी, बांधांची संख्या ठरावाशी जुळते का? कामाआधीचे फोटो, जागेच्या अक्षांश-रेखांशासह, काढून झाले का? आणि डोंगरावर हजेरीच्या ॲपला रेंज कुठे मिळते ते आधीच बघून ठेवा. पहिल्याच दिवशी मजुरांची हजेरी बुडाली तर दुसऱ्या दिवशी कोणी वर येत नाही.

टप्पा ६ : काम, माथ्यापासून

समपातळी रेषा

चर समपातळीवर नसेल तर तो चर राहत नाही, नवा ओहोळ होतो. पाणी त्याच्या खालच्या टोकाला गोळा होतं, तिथून फुटतं आणि आधी नव्हती तिथे घळ पाडतं. नजरेच्या अंदाजावर, जेसीबीच्या बकेटवर आणि "आमचा माणूस अनुभवी आहे" यावर विश्वास ठेवू नका.

समपातळी शोधायची ए-फ्रेम, म्हणजे इंग्रजी A च्या आकाराची चौकट, घरी बनवता येते. सात-आठ फुटांचे दोन सरळ बांबू वरच्या टोकाला घट्ट बांधा, पाय फाकवा, मध्यावर आडवी काठी बांधा. वरच्या गाठीतून दोरी सोडून तिला मुठीएवढा दगड बांधा, दोरी आडव्या काठीच्या खाली लोंबली पाहिजे. आता खूण करायची. दोन्ही पाय जमिनीवर टेकवा, त्या जागी खुंट्या ठोका, दोरी आडव्या काठीला लागते तिथे पेन्सिलने रेघ मारा. मग फ्रेम फिरवून पायांची अदलाबदल करा, त्याच खुंट्यांवर टेकवा, दुसरी रेघ मारा. दोन रेघांच्या बरोबर मधला बिंदू म्हणजे समपातळीची खूण. यानंतर डोंगरावर एक पाय रोवून दुसरा पाय वर-खाली सरकवत न्यायचा. दोरी मधल्या खुणेवर आली की तिथे चुना टाकायचा. दोन बायका सकाळभरात एक लांब रेषा सहज आखतात, आणि वाऱ्याच्या दिवशी दगड थोडा जड घ्या, एवढंच.

चर

चुन्याच्या रेषेवर ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल. निघालेली माती चराच्या खालच्या अंगाला टाका, पण चराच्या काठाला लागून नको. फूटभर जागा सोडून भराव करा, नाहीतर पहिल्याच पावसात ती माती परत चरात. चर सलग असला तरी मधूनमधून हात-दीड हात जमीन न खोदता सोडा. आखणीत चूक राहिली तरी या आडव्या भिंतींमुळे सगळं पाणी एका टोकाला धावत नाही. उतार सारखा बदलत असेल, खडक मध्ये येत असेल, तर सलगचा हट्ट सोडून खंडित चर घ्या, खालच्या ओळीतला चर वरच्या दोन चरांच्या मधल्या जागेखाली येईल असे.

वरची ओळ पुरी झाल्यावर खालची. मजुरांच्या टोळ्या वाटताना एक टोळी वर आणि एक पायथ्याशी असं करू नका, चढायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो आणि सगळे पायथ्याशी सरकतात.

अनघड दगडी बांध

चरांचं काम झाल्यावर ओहोळात उतरा, तेही वरून. साधारण दहा हेक्टरपर्यंत पाणलोट असलेल्या छोट्या ओहोळांसाठीच हे बांध. पाया खोदा, मोठे दगड बाहेरच्या बाजूला आणि लहान आत. दोन्ही टोकं काठात घुसवा. मध्य कडांपेक्षा खाली ठेवा. हे चुकलं की पाणी बाजूने काठ कापून जातं आणि बांध कोरडा उभा राहतो. दोन बांधांतलं अंतर पावलांनी मोजू नका. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाच्या पातळीला आला पाहिजे. तीव्र उतारावर ते जवळ येतील, सपाटीवर लांब जातील.

दगड कुठून घ्यायचा? सुटा पडलेला. मातीत रुतलेला दगड उपटला की त्याने धरलेली माती खाली येते, म्हणजे ज्यासाठी काम काढलं तेच बिघडलं.

थांबा : देखरेख समितीने वरून खालपर्यंत चालून दाखला लिहिल्याशिवाय नाल्यातलं मोठं काम, माती बांध, सिमेंट बांध, काहीही सुरू करू नका.

टप्पा ७ : गवत आधी, झाड नंतर, काही ठिकाणी झाड नकोच

इथे माझं मत ठाम आहे. सोलापूरचे बरड माळ हे ओसाड रान नाहीत. नान्नजचं माळढोक अभयारण्य याच जिल्ह्यातलं आहे, आणि माळढोक, काळवीट, लांडगा, खोकड यांना उघडं गवताळ रानच लागतं. अशा माळावर खड्डे मारून गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावणं म्हणजे चांगलं गवत मारून वाईट जंगल करणं. शेळ्या-मेंढ्यांचा चाराही त्यात जातो.

म्हणून शिवारफेरीच्या वहीत जिथे "गवत टिकून आहे" लिहिलंय तिथे फक्त राखण करा. जिथे माती उघडी पडली आहे तिथे चराच्या भरावावर पवना, मारवेल, डोंगरी गवत यांचं बी टाका. बी विकत घेण्याआधी गावच्याच बांधावरून दिवाळीच्या सुमारास गोळा करा. पहिल्या वळवानंतर, जमीन ओली असताना, मातीत मिसळून भुरभुरवा. उताराच्या खालच्या भागात, माती खोल असेल तिथे, चराच्या खालच्या अंगाला बोर, हिवर, खैर, कडुनिंब, सीताफळ. सीताफळाला शेळी तोंड लावत नाही, बार्शीकडच्या गावांना हे सांगायला नको.

झाडांचा आकडा ठरवताना पाणी कोण घालणार याचं नाव लिहा. नाव नसेल तर ते झाड आराखड्यातून काढा. हजार खड्ड्यांपेक्षा जगलेली ऐंशी झाडं गावाला धीर देतात.

वणव्याची तयारी याच टप्प्यात करा. "जाळल्याशिवाय नवं गवत फुटत नाही" हा समज खोल रुजलेला आहे. गवत वाळायला लागलं की बंद तुकड्याच्या कडेने जाळरेषा काढा, म्हणजे गवत कापून-खरवडून मोकळा पट्टा करा. ते कापलेलं गवतही पशुपालकांच्याच घरी जाऊ द्या.

टप्पा ८ : पहिला पाऊस आणि त्यानंतर

पहिला जोराचा वळीव झाला की दुसऱ्या दिवशी समितीने वर जायचंच. या एका दिवसात जे दिसतं ते वर्षभर दिसत नाही. सोबत दोन कुदळी, दोन घमेली. बघायचं काय :

चरात पाणी सगळीकडे सारखं उभं आहे की एका टोकाला? एका टोकाला असेल तर तिथे लगेच मातीची आडवी भिंत घाला. भराव कुठे फुटला? फुटल्या जागी माती नको, दगड आणि गवताचे ढेकूळ दाबा. दगडी बांधाच्या बाजूने वाट पडली का? मधले दगड काढून मध्य आणखी खाली करा. ही दुरुस्ती चार माणसांची, अर्ध्या दिवसाची असते. तीच सप्टेंबरपर्यंत राहिली तर नवं अंदाजपत्रक लागतं.

बंदीच्या काळात एखाद्याची जनावरं शिरली तर पहिल्यांदा समितीने घरी जाऊन बोलावं. पुन्हा झालं तर कोंडवाडा. नियम सरपंचांच्या भावकीला आणि वस्तीवरच्या माणसाला सारखा लागला पाहिजे. पहिली सूट दिली गेली त्या आठवड्यात बंदी संपते.

आणि एक वही पायथ्याच्या पाच विहिरींची. दर महिन्याच्या एक तारखेला, मोटर सुरू करण्याआधी, दोरीला दगड बांधून काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा आणि लिहा. मोजणारी मुलं शाळेतली असली तरी चालेल, विहिरी मात्र त्याच पाच राहू द्या. पावसाचा आकडा त्याच पानावर. पुढच्या ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ही वही वाचून दाखवा, फुटलेल्या चरांची यादी वाचा, आणि दुसऱ्या ओहोळाचा गट क्रमांक ठरावात लिहा.